चारच्या सुमाराला कुणीतरी

डोळेकाकांनी एकतीस वर्षं कृत्रिम डोळे घडवले. अपघातात किंवा आजारात कुणाचा डोळा गेला, की गावातले डोळ्यांचे मोठे डॉक्टर चिठ्ठी देत आणि माणूस दोन जिने चढून काकांच्या खोलीत येई. उरलेल्या डोळ्याकडे तासन्‌तास बघत काका बारीक ब्रशने त्याचा जोडीदार रंगवत, लाल रेशमाचे तंतू बसवून शिरा काढत. 'डोळेकाका' हे नाव लहान पोरांनी पाडलं होतं. पुढे दारावरच्या पाटीवरही तेच आलं.

मोठे डॉक्टर निवृत्त झाले आणि चिठ्ठ्या आटल्या. तेव्हा पुतणी म्हणाली, "काका, पाटी वाचतंय कोण आता? लोक फोनवर शोधतात. वेबसाइट करा."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"कळायला कशाला हवं? तयार साचे असतात. फोटो टाका, चार ओळी लिहा, झालं. तीस दिवस फुकट. आवडलं तर वर्षाचे पैसे भरायचे, नाही तर पान आपोआप बंद."

वर्षाचे पैसे म्हणजे खोलीचं महिन्याचं भाडं. काका म्हणाले, "आधी तीस दिवस बघतो. मग ठरवू."

एका बोटाने मजकूर टाइप करायला त्यांना तीन दिवस लागले. आजवरच्या डोळ्यांतले नऊ फोटो त्यांनी निवडून लावले. कितीजण पानावर आले, कुठल्या फोटोवर किती वेळ थांबले, हे कुठे दिसतं तेही पुतणीने दाखवलं. आठवडाभर तिथे शून्य होतं. नवव्या दिवशी एकाचा आकडा पडला. दहाव्या दिवशी पुन्हा एक.

रोज एकच माणूस, दुपारी चारच्या सुमाराला. बाकी काही बघायचं नाही. थेट चौथा फोटो उघडायचा, वीस मिनिटं थांबायचं आणि जायचं. फोन नाही, निरोप नाही.

"तुमच्यावर कुणीतरी डोळा ठेवून आहे," पुतणी हसत म्हणाली.

काकांना हसू आलं नाही. त्यांनी चौथा फोटो मोठा करून पाहिला. मधाच्या रंगाचं बुबुळ आणि त्याच्या खालच्या कडेला एक काळा ठिपका. ती मुलगी सात वर्षांची होती. ते रंगवत असताना तिने बजावलं होतं, "तीळ विसरू नका हं. तो माझा आहे." वाढत्या वयात चेहरा बदलतो, डोळा नवा करावा लागतो. ती तीनदा आली आणि मग यायची थांबली. गाव सोडलं असेल, असं काकांनी धरून चाललं होतं.

त्यानंतर चार वाजत आले की त्यांचा ब्रश हातातच थबकायचा. एवढी वर्षं टेबलाच्या खणांत ठेवलेल्या नमुन्याच्या डोळ्यांनी त्यांना कधी त्रास दिला नव्हता. आता ते एकेक खण लोटून बंद करू लागले. तरी पाठीमागे कुणीतरी गप्प उभं आहे, असं वाटायचंच. एकदा तर त्यांनी खुर्ची वळवून भिंतीला पाठ लावली.

चोविसाव्या दिवशी त्यांनी पुतणीला सांगून टाकलं, "एक गिऱ्हाईक फिरकलं नाही. बंद पडू दे ते." पैशांचं कारण खरं होतं, पण तेवढंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सव्वाचारला फोन वाजला. एका बाईंचा आवाज होता.

"वर लिहून येतंय, पान पाच दिवसांत बंद होणार म्हणून. खरंच बंद करणार का?"

"आपण कोण?"

"चौथा फोटो माझ्या मुलीचा आहे. तीळ होता ना... दोन वर्षं झाली तिला जाऊन."

काका घाईने म्हणाले, "ताई, मी न विचारता लावला. चुकलं माझं. आत्ता काढतो."

"नको, नको! काढू नका. तुमचा नंबर शोधताना सापडला तो. तिचा लहानपणचा डोळा आहे घरात, डबीत. तुम्हाला परत द्यायचा होता. ठेववत नाही आणि टाकवतही नाही. फोटो बघून बंद करता येतो हो. डबी बंद केली तरी आत तो उघडाच असतो."

काकांनी त्याच दिवशी वर्षाचे पैसे भरले. मधाच्या रंगाचा डोळा नऊ फोटोंतून काढून एका वेगळ्या पानावर ठेवला आणि त्या पानाचा पत्ता फक्त बाईंना कळवला. डबी टपालाने आली. ती त्यांनी सगळ्यात खालच्या खणात ठेवली.

वर्षभरात साइटवरून पाचसहा माणसं आली. "कसाबसा खर्च निघाला," पुतणी म्हणाली. "पुन्हा भरायचे का, तुम्हीच ठरवा." काकांनी बाईंना फोन लावला.

"बंद करा आता," बाई म्हणाल्या. आवाज मोकळा होता. "चार महिने झाले, मी बघत नाही. झोप लागते हल्ली."

काका म्हणाले, "ताई, त्या पानावर रोज कुणीतरी येतंय. कालही आलं होतं. चारला."

 मग बाई म्हणाल्या, "पानाचा पत्ता मी एका कागदावर लिहून कपाटाला चिकटवला होता. आमच्या ह्यांनी पाहिला असणार. चारला ती शाळेतून यायची. तिच्याबद्दल ते घरात एक शब्द काढत नाहीत. मला वाटायचं, विसरले."

काकांना त्या बापाचा चेहरा आठवेना. मुलीला आई आत आणायची. बाप जिन्यावरच बसून राहायचा, भिंतीकडे तोंड करून. तीनही वेळा.

"मग काय करू?"

"राहू द्या. वर्षाचे पैसे मी देते. आणि मला कळलंय हे त्यांना कळू देऊ नका."

"पैसे नकोत," काका म्हणाले.

त्यांनी लगेच पुतणीला बोलावून पैसे भरून घेतले. "परवडणार आहे का पण?" तिने विचारलं. काकांनी ब्रश धुवायला घेतला. ती गेल्यावर चार वाजत आल्याचं त्यांनी घड्याळात पाहिलं, उठून दार उघडलं आणि खाली जिन्याकडे पाहिलं. पायऱ्या रिकाम्या होत्या. दार मात्र त्यांनी उघडंच ठेवलं आणि कामाला बसले.