पोचल्यावर एक रिंग

बयनाबाईंचा एक शिरस्ता होता. तामसीहून बसनं आदिलाबादला लेकीकडे गेल्या, की उतरल्याबरोबर त्या मुलाला, भरतला, एक रिंग देऊन फोन कापायच्या. म्हणजे पोचले, काळजी नको. फोन वाजतच राहिला तर मात्र भरतनं हातातलं काम टाकून उचलायचा, कारण मग नक्की काहीतरी अडलेलं असायचं. त्यांचा बटनांचा फोन कायम पदराच्या गाठीत असे, आणि आज सकाळी आईला न्हाऊ घालून नवं लुगडं नेसवल्यावर भरतच्या बायकोनं, चंदानं, तो तसाच गाठीत बांधला. नेऊ दे तिचा तिला, म्हणून भरतनं तोंड फिरवलं होतं.

मसणवटीत उद्धवकाकांचा अंमल होता. कचेरीत उभा जन्म काढलेले हे गृहस्थ, मयतीत कुणाचा फोन वाजला की मेलेल्यालाही लाज वाटावी असे डोळे वटारत. निघतानाच त्यांनी सगळ्यांचे फोन बंद करवले होते. राहिला तो नेमका भरतचा, ओल्या धोतराच्या कमरेला खोचलेला.

तो वाजला तेव्हा भरतच्या हाती विस्तव होता.

काकांनीच फोन उपसला. पडद्यावर नाव होतं, आई.

"घरून कोनी लावून राह्यलं असन," काका पुटपुटले.

"काका, तो फोन घरी नाई. तिच्या पदरात हाय."

काकांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "लाकडाचा दाब पडला असन बटनावर. डाक्टरनं पाह्यलं ना सकाळी तिले? डोस्कं ठिकानावर ठेव, भरत. लोक पाहून राह्यले."

फोन वाजतच होता. लाकडं काढा, एकदा बघू द्या, असं भरतच्या ओठांवर आलं होतं. पण सगळा गाव माना खाली घालून उभा होता आणि त्या गावासमोर ते मागायला तो धजला नाही. काकांनी पडदा काळा होईस्तोवर बटन दाबून धरलं. भरतनं पाठ फिरवून अग्नी दिला आणि खाली रचलेल्या पऱ्हाट्या तडतडत पेटल्या.

कवटी फुटल्याचा आवाज आला तशी माणसं घराकडे वळली. भरत तिथंच बसून राहिला. आपण आत्ता काय करून बसलो, हे कुणाला विचारायचीही सोय नव्हती. काका फोन परत द्यायला वाकले, त्यानं हात पुढे केला, आणि दोघांच्या हातांमध्ये तो बंद फोन वाजला.

एकदाच. मग कापला गेला.

काकांनी फोन त्याच्या हातात सोडला. "एकदाच काऊन वाजला रे?"

भरतनं चितेकडे पाहिलं.

"पोचली," तो म्हणाला.