जास्तीच्या इंजिनाचं गिऱ्हाईक

गोव्यातल्या चोपडे गावच्या सुमंगलाने शर्यतीच्या गाडीचं जास्तीचं इंजिन उकललं आणि सुटे भाग विकायला काढले, तेव्हा सगळ्यांत आधी दारात आला तो डिचोलीचा प्रथमेश. जीप थेट अंगणात घालून, हॉर्न वाजवत.

एकेकाळचे जोडीदार दोघे. इंजिन ती बांधायची, गाडी तो चालवायचा. डिचोलीत बंद खाणीच्या मैदानावर शर्यत होती. त्याचं वळण चुकलं, गाडी मातीच्या ढिगात घुसली, आणि उतरल्या उतरल्या तो सगळ्यांदेखत म्हणाला, "बाईमाणसान बांधलेला इंजिन, आणखी काय होतला?" त्यानंतर सुमंगलाकडे काम घेऊन कोणी फिरकलं नाही. आता तिला शापोरा नदीच्या काठाला होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान टाकायचं होतं. त्यासाठीच ही विक्री. पिस्टन आणि कॅमशाफ्ट बेळगावचा एकजण नेणार होता. उरला होता टर्बो, इंजिनात जादा हवा कोंबणारा, तिने जिवापाड जपलेला.

"टर्बो दी," प्रथमेश म्हणाला. "रविवारी शर्यत आसा. माझो गेलो."

"बाईमाणसाच्या इंजिनाचो टर्बो तुका कशाक होयो?"

"जुना कशाक उकरून काढतंस?"

"मगे शर्यतवाल्यांच्या ग्रुपवर सांग सगळ्यांका, त्या दिवशी चूक तुझी होती. आत्ता सांग. आणि घेवन जा."

तो तोंड वाकडं करून हसला. "माझ्याशिवाय गिराईक मिळाचा नाय तुका. मी बघतंय."

"नाय गावला तर पडान रवांदे. तुका मात्र मिळाचो नाय."

टेबलावरचा टर्बो त्याने उचलला. ती पुढे झाली, तशी त्याने तो पायरीच्या चिऱ्यावर आपटला. आतली पाती वाकली, कवचाला तडा गेला.

"आता वीक."

सुमंगला चार ढांगांत जीपपाशी गेली, चावी काढली आणि मोठा पाना हातात घेऊन पायरीवर बसली. "भरून दी. नायतर चलत जा डिचोलेक."

त्याने आईबापावरून शिव्या घातल्या, हात उगारला. पाना जागचा हलला नाही. शेवटी फोन काढून त्याने नुकसानीचे पैसे पाठवले, दात खात. तिने चावी त्याच्या हातात दिली नाही, कुंपणाच्या काट्यांत भिरकावली. तो गुडघ्यांवर रांगत ती शोधत होता तोवर ती बघत उभी राहिली.

रविवारी त्याची गाडी शर्यतीत उतरलीच नाही. सुमंगलाने आपल्याला लुबाडलं, असं मात्र तो गावोगाव सांगत सुटला, आणि डिचोलीत लोकांना ते पटलंही. कानावर आलं की तिच्या अंगाची लाही व्हायची.

दुकानावर पत्रे चढले त्याच आठवड्यात गुरुदास नावाचा मासेमार होडीचं इंजिन खांद्यावर घेऊन आला.

"प्रथमेशाक लुबाडलंस ती तूच काय गो?"

"व्हय," ती म्हणाली. "ठेव थंय. काय झाला इंजिनाक?"