एक्क्याण्णव टक्के खरं

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, जयनगरातल्या एका कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर बसलेला. माझा पंखा घरघरतो म्हणून हसू नका. आज हसण्यासारखं काही नाही.

पुण्याहून आलेल्या भार्गवीने मला एकच काम शिकवलं. पैगंबरांची म्हणून सांगितली जाणारी वचनं, म्हणजे हदीस, खरी की कुणी मागाहून रचलेली, ते तपासायचं. प्रत्येक वचनामागे सांगणाऱ्यांची साखळी असते. याने त्याच्याकडून ऐकलं, त्याने आणखी कुणाकडून. आमचे जाणकार मौलाना इदरीस एकेका माणसापायी आठवडा घालवत. तो राहिला कुठे, वारला कधी, स्मरण कसं होतं! मी तेच काम चुटकीसरशी उरकायचो. काय कौतुक व्हायचं माझं! चढलं डोक्यात, दुसरं काय.

परवा मौलाना घाबरेघुबरे आले. 'औषधं सोडा, दुवा पुरे' असं एक वचन फोनवरून फिरत होतं. ते वाचून त्यांच्या थोरल्या बहिणीने, जमीला आपांनी, इन्शुलिन घेणंच बंद केलं होतं.

"मेरी नक्को सुनती," मौलाना म्हणाले. "मशीन बोले तो मानती कते." मशीनने सांगितलं तर मानेन, असं आपा म्हणत होत्या.

मी धडाधड चौदा साखळ्या मोजल्या आणि आकडा टाकला, एक्क्याण्णव टक्के खरं. माझे आकडे आपोआप लोकांच्या फोनमधल्या आमच्या ॲपवर जातात. आपांनी तो लगेच पाहिला.

मौलानांचा विश्वास बसेना. दोन दिवस ते कागद घेऊन माझ्याशेजारी बसले. आज दुपारी त्यांनी पेन खाली ठेवलं. चौदाही साखळ्या एकाच माणसापाशी जात होत्या. चौदा साक्षीदार नव्हतेच, एकाचंच बोलणं चौदा तोंडांनी आलं होतं. आणि त्या माणसाविषयीचा जुना शेरा माझ्याच पोटात पडून होता, 'हा वचनं रचून सांगतो.'

भार्गवी पांढरीफटक पडली. "अरे देवा! शेऱ्यांचा कॉलम मीच बंद ठेवला होता. म्हटलं, नंतर बघू."

तिने तो सुरू केला. आकडा झरकन दोनवर आला. पण एक्क्याण्णवाचा फोटो आता घरोघरी फिरतोय, तो मला परत बोलावता येत नाही. मला फार भीती वाटते.

मित्रांनो, माझा आकडा पाहिलात की आधी विचारा, हे मूळ सांगितलं कुणी? मला कुणी विचारलं असतं, तर मी लपवलं नसतं.

मौलाना आपांना फोन लावताहेत. ही सातवी वेळ. रिंग जातेय, पण कुणी उचलत नाही.