इलाइसानेसाठी केलेली फळी

मित्रांनो, दूर दक्षिणेच्या समुद्रातल्या वावाऊच्या बेटांकडे कधी आलात, तर आमच्या छोट्या धक्क्यावर टरबुजांच्या ढिगाखाली एक रुंद, काळपट फळी तुम्हाला दिसेल. ती मी. टरबुजं ठेवायला माझा जन्म झालेला नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

पूर्वी मी हाविली नावाच्या कोळ्याच्या होडीचा तळ होते. मासे, जाळी, ओले पाय यापलीकडे मला जग ठाऊक नव्हतं. ज्या दिवसामुळे माझी फळी झाली, त्या दिवशी मी होडीत, धक्क्याला बांधलेली होते आणि सगळं माझ्या समोरच घडलं.

प्रवाशांचं मोठं पांढरं जहाज बाहेर खोल पाण्यात थांबलं होतं. त्यातली माणसं लहान बोटीनं धक्क्यावर येत होती. चाकांच्या खुर्चीतलं कुणी असलं, तर हाविली आणि त्याचे चुलतभाऊ त्याला कवेत उचलून वर घेत आणि खुर्ची मागाहून चढवत. जहाजावरच्या माणसांना कुणाला उचलायची परवानगी नव्हती. त्या दिवशी खुर्चीत बसून आली इलाइसाने, हाविलीची थोरली बहीण. ती लग्न होऊन ऑकलंडला गेली होती आणि पुढे आजारपणात तिचे पाय गेले होते. विमानानं आली असती, तरी शेवटी बोट आणि शेवटी हाच धक्का. वर घरात तिची आई अंथरुणाला खिळलेली होती. अळूच्या पानात नारळाचं दूध घालून शिजवलेलं मटण लेकीसाठी झाकून ठेवलं होतं.

पण धक्क्यावर उभे असलेले सगळे गडी तिचे भाऊ निघाले. एक सख्खा, बाकीचे चुलत, आणि आमच्याकडे चुलत म्हणजेही भाऊच. भावानं जाणत्या बहिणीच्या अंगाला हात लावायचा नसतो, तिची थट्टासुद्धा करायची नसते, इतका तिचा मान मोठा. बायका पुढे झाल्या, पण बोट हेलकावे खात होती. बोटीवरच्या अधिकाऱ्यानं नकारार्थी मान हलवली.

“अरे, बघत काय उभे राहिलात?” हाविलीची बायको मेलेनाइते कडाडली. “मघाशी त्या ढेरपोट्या म्हाताऱ्याला तर हसत हसत उचललंत!”

कुणी हललं नाही. हाविलीनं हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले. शेवटी इलाइसानेनंच त्यांची सुटका केली.

“राहू द्या,” ती म्हणाली. “आईला सांगा, पुढच्या खेपेला येते. बोट फिरवा.”

आई त्याच वर्षी गेली. कितीतरी दिवस बायका सांत्वनाला येत राहिल्या, पण हाविली कुणाशी बोलेना. एके दिवशी तो कुऱ्हाड घेऊन आला आणि त्यानं माझी होडी मोडायला घेतली.

“डोकं फिरलंय का?” मेलेनाइते म्हणाली. “उद्यापासून खायचं काय, हे लाकूड?”

“तिला हात लावता येत नाही,” तो म्हणाला. “लाकडाला तर येतो.”

असा माझा दुसरा जन्म झाला. त्यानं मला तासलं, जोडलं, दोन्ही कडांना चाक घसरू नये म्हणून पट्ट्या मारल्या. बोटीपासून धक्क्यापर्यंत मला टाकलं, की खुर्ची नुसती ढकलत वर येई. परदेशी पाहुणे माझं कौतुक करत, माझे फोटो काढत. हाविली मात्र प्रत्येक बोटीत एकच चेहरा शोधायचा आणि तो दिसला नाही, की मुकाट्यानं मला उचलून ठेवायचा. मला त्याचं फारसं काही वाटत नसे. खरं सांगू? मी फुगले होते. मी कुणासाठी केलेली आहे, हेच विसरले होते.

मग जहाजं येईनाशी झाली. माझ्यावर कंदांची पोती आली, टरबुजं आली, डुकरं माझ्यावरून हिंडू लागली. एकदा तेलाचं पिंप माझ्यावर आदळलं आणि पोटात मोठा तडा गेला. हाविली त्यावरून हात फिरवायचा, “पट्टी ठोकायला हवी,” म्हणायचा आणि कावा, म्हणजे आमचं झिंग आणणारं मुळ्यांचं पेय, प्यायला निघून जायचा. तडा खालच्या अंगाला होता. वरून मी ठणठणीत दिसत होते आणि मलाही तेच बरं वाटत होतं.

आणि एके दिवशी निरोप आला. जहाज येतंय, इलाइसाने येतेय, आईच्या थडग्यावर रीतीप्रमाणे पांढरी वाळू पसरायला.

त्या सकाळी हाविली हातोडी आणि पट्टी घेऊन धावत आला, पण उशीर झाला होता. गावातल्या बायकांनी मला नक्षीच्या साल-कापडानं झाकून टाकलं होतं. झाडाची साल कुटून केलेलं हे कापड मानाच्या माणसाच्या पायाखाली अंथरतात. बोट जवळ येत होती.

“खाली तडा आहे,” तो बायकोच्या कानाशी कुजबुजला.

“आणि हे आत्ता सांगतोस? तिच्या मानाचं अंथरलेलं आता ओढून काढायचं?”

“तडा आहे म्हटलं, तर ते बोट फिरवतील. पुन्हा.”

हाविलीनं हातोडी खाली ठेवली. मानाच्या दिवशी आमच्याकडे कमरेला विणलेली चटई गुंडाळतात, ती तशीच ठेवून तो धक्क्याच्या कडेच्या पायरीवरून पाण्यात उतरला आणि माझ्याखाली येऊन वाकला.

खलाशी खुर्ची ढकलू लागला. मी जीव एकवटला, पण मधोमध येताच माझा तडा करकरला. त्याच क्षणी हाविलीचा खांदा खालून माझ्या पोटाला येऊन भिडला. खुर्ची थांबली. इलाइसानेनं कडेनं खाली पाहिलं. पाण्यावर चटईचं टोक तरंगत होतं.

ती भावाशी थट्टा करू शकत नव्हती. म्हणून ती माझ्याशी बोलली.

“काय गं फळी, जड झाले का मी?”

खालून उत्तर आलं, धाप लागलेलं.

“जड नाही. फार उशीर झाला माझ्याकडून. आई...”

मेलेनाइते पाठ फिरवून उभी राहिली.

“ढकल रे,” इलाइसाने खलाशाला म्हणाली. मग हात खाली नेऊन तिनं कापडावर, माझ्यावर, हलकेच थोपटलं. “रडू नकोस, फळी. आले की मी.”

ते थोपटणं माझ्या अंगातून खालच्या खांद्यापर्यंत पोचलं, एवढं मी नक्की सांगते.

दुसऱ्या दिवशी हाविलीनं मला पट्टी ठोकली. खांद्यावरचा काळानिळा वळ कितीतरी दिवस होता आणि तो पाहिला, की मला मेल्याहून मेल्यासारखं होई. आता हाविली थकलाय. माझ्यावर पुन्हा टरबुजं आहेत.

मित्रांनो, टरबुजं घ्या, खुशाल घ्या. फक्त ती घेताना मला एकदा उलटून बघा, खाली पुन्हा तडा तर गेला नाही ना. मला ओरडता येत नाही, आणि बोटीत कुणीतरी खुर्चीत बसून धक्क्याकडे बघत असेल.