वीज वाचवायची खूण

टक्.

दुपारच्या जेवणानंतर पिळगावातलं ते घर गपगार पडलं होतं, त्यात बटण बंद केल्याचा तेवढा एक आवाज. हर्षा हातातला टोप मोरीत तसाच टाकून हॉलमध्ये धावली. पंखा बंद करून सासूबाई आता मॉडेमच्या बटणाकडे निघाल्या होत्या.

"मांय, ते नको. आज साडेचारला ह्यांचा फोन यायचा आहे."

"साडेचार वाजाक अजून दोन तास आसत. तोपर्यंत तो डबो कोणाक डोळे मिचकायता?"

या घरात माणूस खोलीतून उठला की मागोमाग दिवाही उठायचा. लग्न होऊन पेडण्याहून इथे आल्यावर हर्षाने स्वयंपाकाआधी हे शिकून घेतलं होतं. आता तीही चालता चालता, न बघता, बटणं बंद करायची.

सासूबाई पुटपुटत आत जाऊन आडव्या झाल्या. हर्षाने पदराला हात पुसले आणि लॅपटॉप उघडला. खाणी बंद पडल्या, नवऱ्याने, सगुणने, खनिज वाहायचा टिपर विकला, गेल्या वर्षी तो बोटीवर गेला. बोट बंदराला लागली की त्याला बरं नेट मिळायचं, ते महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. आणि मागच्या तिन्ही खेपांना पाच-सात मिनिटांत सगळं तुटलं होतं. शेवटच्या वेळी तर सगुणचा चेहरा तोंड उघडं ठेवून पडद्यावर थिजला, आणि पाच वर्षांची भाग्यलक्ष्मी त्या उघड्या तोंडासमोर बराच वेळ बसून राहिली, पुढचं बोलेल म्हणून. "नेट गेलं गो भागू," हर्षा समजावत राहिली. तेव्हापासून भागूने ठरवूनच टाकलं होतं: "मी बाबाशी नाही बोलणार. अर्ध्यात तुटतं."

तरी काडेपेटी मात्र तिने जपून ठेवली होती. तिच्यात तिचा पहिला पडलेला दात. पडलेला दात त्याच दिवशी कौलांवर टाकायचा, म्हणजे नवा लवकर येतो. पण बाबाने पाहिल्याशिवाय टाकणार नाही, असा हट्ट धरून पोरीने पंधरा दिवस काढले होते. "दात घरात ठेवल्यार नवो कसो येतलो?" म्हणून आजी रोज कुरकुरायची.

आज तुटलं, तर ती काडेपेटी पुन्हा उघडणार नाही, हे हर्षाला पक्कं ठाऊक होतं. तिने विनोदिनीला फोन लावला. कॉलेजची मैत्रीण, वाळपईच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायची.

"नेटवर्क अ‍ॅडॅप्टरची यादी उघड," विनोदिनी म्हणाली. "किती दिसतात?"

"चार. घरात नेट एक, आणि हे चौघे कोण गो?"

"एक केबलचा, एक ब्लूटूथचा, एक वाय-फायचा, आणि चौथा सगुणबाबने कसल्यातरी प्रोग्रॅमबरोबर घरात आणलेला पाहुणा. जेवणारा एक आणि पानं चार मांडलीस, तर वाढणारा गोंधळणारच. वाय-फाय ठेव, बाकीचे डिसेबल कर."

त्यातल्या दोघांची नावं मात्र सख्ख्या भावांसारखी. वायरलेस, वायरलेस दोन. हर्षाने एकावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, मग पुन्हा पहिल्यावर. घड्याळात पावणेचार. तिने दाबलं, आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या नेटच्या खुणेवर लाल फुली आली.

"गेलं गो सगळं."

"लॅपटॉप जाग्यावर आहे ना? मग काही गेलं नाही. चुकीच्याला झोपवलंस. त्याला उठव, दुसऱ्याला झोपव."

उठवलं, झोपवलं. नीट चालतंय का बघायला दोघी व्हिडिओवर आल्या. विनोदिनी मुलांच्या वह्या तपासत बसली, हर्षा घड्याळ बघत. सातव्या मिनिटाला विनोदिनी हातात लाल पेन धरून थिजली.

मोबाईलवर तिचा आवाज लगेच आला. "वाय-फायच्या प्रॉपर्टीज उघड. पॉवरचं पान. वरच्या चौकोनात खूण आहे?"

होती. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची कॉम्प्युटरला मुभा द्या, असं तिथे इंग्रजीत लिहिलं होतं.

"कोणी केली ती?"

हर्षाला आठवलं. लॅपटॉप नवा होता तेव्हा एका दुपारी तीच सगळी पानं चाळत बसली होती. वीज वाचवायची म्हटल्यावर वाचायला थांबलीही नव्हती.

"मीच," ती म्हणाली.

"सासूची सून शोभतेस खरी."

हर्षाने एकदा आतल्या खोलीकडे बघितलं, चोरी करताना बघावं तसं, आणि खूण काढली. चार वाजून वीस.

साडेचारला लॅपटॉपवर घंटी वाजली. सगुण दिसला, वाळलेला, दाढी वाढलेली. भागू दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी, मूठ घट्ट. पाच मिनिटं झाली. सात. हर्षाची नजर कोपऱ्यातल्या खुणेवरून हलेना. दहा. बाराव्या मिनिटाला भागू पुढे आली, काडेपेटी उघडून पडद्याला टेकवली, आणि सुरू झाली. उंड्याची, त्या कडक पावाची, कड कशी चावली, रक्त किती आलं, आजीने मीठपाणी कसं दिलं, शेजारचा धाकू कसा घाबरला. सगुण हसला तर रागावून म्हणाली, "थांब, अजून संपलं नाही." सासूबाई उठून मागे येऊन उभ्या राहिल्या. हर्षाने पुन्हा लावलेल्या पंख्याकडे त्यांचा हात गेला नाही.

गोष्ट संपली. सगुणने दात नीट पाहून घेतला. "आता टाक कौलांवर," म्हणाला. मग त्याला मागून कोणीतरी हाक मारली. त्याने मान वळवली, परत इकडे बघितलं. "येतो हां, भागू," म्हणाला, आणि हात पुढे करून त्यानेच बंद केलं.

पडदा निळा झाला. कोपऱ्यातली खूण तशीच, पांढरी, भरलेली.

भागू काडेपेटी मिटून त्या खुणेकडे बघत राहिली.

"आई, नेट आहे ना अजून?"

"आहे."

"मग बाबा का गेला?"