मामंजींच्या नावाचा डबा

लग्न होऊन नोमागुगू एशोवेच्या टेकडीवर सासरी आली तेव्हा घरात कशाची वाण नव्हती. गीझर होता, बोअरला पंप होता, विजेवर सरकणारं फाटक होतं, आणि दिवाणखान्यात टीव्हीशेजारी एक काळा गोल डबा होता. त्या डब्याला नावाने हाक मारून हुकूम सोडला की या सगळ्या वस्तू आपापल्या कामाला लागत. अडचण एवढीच होती की डब्याला नाव दिलं होतं तिच्या सासऱ्याचं.

आता झुलू घरातली सून सासऱ्याचं नाव घेत नाही, हे काय कोणाला सांगायला हवं? सासरा जिवंत असो की गेलेला, नाव तोंडातून निघत नाही म्हणजे नाही. उद्या शेजारणीच्या कुत्र्याचं नाव तेच निघालं तर बायका कुत्र्यालासुद्धा 'ए तांबड्या' म्हणून बोलावतील.

हा पराक्रम तिच्या नवऱ्याचा, लिंडानीचा. तो जोहान्सबर्गला मोठमोठ्या इमारतींत कॅमेरे आणि अलार्म बसवायचा आणि महिन्याकाठी एकदा घरी यायचा. वडील एम्पांगेनीच्या इस्पितळात वारले तेव्हा तो पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. शेवटची भेट झाली नाही हे त्याच्या मनाला फार लागलं. मग जिवाचं रान करून त्याने आईसाठी घराला नव्या खोल्या काढल्या, पंप बसवला, फाटक बसवलं, आणि डब्याला नाव द्यायची वेळ आली तेव्हा बापाचं दिलं, वेलाफी. बाबांचं नाव घरात रोज निघावं, हा त्यामागचा भाव. भाव चांगलाच होता. अक्कल मात्र जोहान्सबर्गला विसरून आला होता.

चोर रिमोटची नक्कल करतात म्हणून त्याने फाटकाचे रिमोट काढून टाकले. गीझर आणि पंप यांची बटणं छतालगतच्या बंद पेटीत गेली. फोनवरूनही सगळं चालायचं, पण ते त्याच्या फोनवरून. आणि तो फोन त्याच्याबरोबर जोहान्सबर्गला.

मागे राहिल्या दोघी बायका. सासूबाईंना सगळे मासिबिया म्हणायचे, म्हणजे सिबियांच्या घरची लेक. आता नवऱ्याचं नाव त्यांनी तरी कुठे घेतलं होतं? उभा जन्म 'लिंडानीचे बाबा' म्हणण्यात गेला. पहिल्या सोमवारी आंघोळीला पाणी हवं झालं, तेव्हा त्या एप्रनला हात पुसून डब्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो लिंडानीचे बाबा, जरा पाणी तापवता का?"

डबा ढिम्म.

"जिवंतपणी तरी कुठे ऐकलंय," असं म्हणून त्यांनी गॅसवर पातेलं चढवलं. नोमागुगूला हसू आवरेना. सासूसमोर नवी सून अशी फिदीफिदी हसत नाही, पण मासिबिया स्वतःच भिंतीला टेकून हसत होत्या.

तेव्हापासून दोघींनी आपली सोय लावून घेतली. पाणी छपरावरून येणाऱ्या पावसाच्या टाकीतून बादलीने आणायचं, गॅसवर तापवायचं. चर्चला जायचं तर फाटकाच्या मोटरचं कुलूप किल्लीने काढायचं आणि फाटक हातांनी ढकलायचं. लिंडानीचा फोन आला, सगळं चालतंय ना म्हणून त्याने विचारलं, की दोघी एका सुरात सांगायच्या, चालतंय. पोराने एवढ्या हौसेने केलेलं, त्याचा हिरमोड कशाला करायचा?

हे असंच चाललं असतं. पण वर्षश्राद्ध आलं. म्हाताऱ्याचा जीव विधीने घरी आणायचा, पूर्वजांत बसवायचा. गाय कापायची, ज्वारीची बीअर घालायची, भावकी झाडून येणार. लिंडानीच्या डोक्यात त्याच दिवशी काकांना आणि आत्यांना घर दाखवायचं होतं. आणि दाखवणार कोण, तर नोमागुगू. तिने भर अंगणात डब्याला हाक मारायची आणि फाटक उघडून दाखवायचं.

तिने फोनवर सांगून पाहिलं की मला मामंजींचं नाव घेता यायचं नाही, तुम्ही डब्याला दुसरं काहीतरी नाव ठेवा.

"तू शिकलेली आहेस, गुगू," तो म्हणाला. "दवाखान्यात काम केलंयस. डब्याला हाक मारलीस तर काय आभाळ कोसळणार आहे? एकदा सगळ्यांसमोर बोललीस की ही जुनी खुळं या घरातून जातील."

"मग तुम्हीच बोला ना त्या दिवशी."

"मी बोललो तर त्यात काय मोठं? काका म्हणतील, याच्या धंद्यातलंच आहे. तू बोललीस तर त्यांना कळेल, घर सगळ्यांचं झालंय. आणि बाबांचं नाव काढून टाक हे तू मला सांगतेस? तू?"

त्याचा आवाज दुखावलेला होता. तिने फोन ठेवला. नाव घ्यावं तर भावकीतल्या बायका जन्मभर म्हणणार, माहेरच्या झोंडींनी लेकीला वळण म्हणून लावलं नाही. न घ्यावं तर चारचौघांत नवऱ्याचं नाक कापलं जाणार, तेही लग्नाच्या पहिल्याच वर्षी. इकडे आड तिकडे विहीर.

आदल्या आठवड्यात लिंडानी तयारीसाठी घरी आला. डबा ओट्याजवळच्या खिडकीत आणून ठेवला आणि तिथूनच ओरडला, "वेलाफी, फाटक उघड!" फाटक सरसर बाजूला झालं. "वेलाफी, पंप लाव. वेलाफी, दिवे घालव." पोरासारखा खूश होता. नोमागुगूने पाहिलं, ज्वारी निवडत बसलेल्या मासिबिया सूप तिथेच ठेवून उठल्या आणि परसात निघून गेल्या. नवऱ्याचं नाव असं कानावर पडल्यामुळे असेल, असं तिला वाटलं. पण त्या जेवायलाही आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी लिंडानी गाय ठरवायला गेला. परसात दोघी अळकुड्या सोलत बसल्या होत्या. नोमागुगूने न राहवून विचारलं, "आई, काल तुम्ही उठून गेलात. मी त्या दिवशी नाव घेतलं तर तुम्हाला राग येईल का?"

मासिबियांच्या हातातली अळकुडी सोलून झाली, धुऊन झाली, मग त्या बोलल्या.

लिंडानीचे बाबा डर्बनला एका टेकडीवरच्या बंगल्यात कामाला होते. बागेला पाणी घालायचं आणि फाटक सांभाळायचं. लिंडानी तान्हा असताना त्या एकदाच, बापाला पोर दाखवायला तिथे गेल्या होत्या. गोऱ्यांच्या वस्तीत नोकराच्या बायकोला राहायला बंदी, म्हणून मागच्या अंधाऱ्या खोलीत लपूनछपून चार दिवस काढले. दिवसभर कानावर एकच पडायचं. नाव घ्यायचे आणि काम सांगायचे. अमक्या, फाटक उघड. अमक्या, पाणी सोड. अमक्या, दिवे घालव. मालक सांगायचा, मालकीण सांगायची, आणि दुधाचे दात न पडलेली त्यांची पोर, तीही तसंच सांगायची. आणि हे हातातलं टाकून पळायचे.

"इथे टेकडीवर त्यांना कोणी नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही," मासिबिया म्हणाल्या. "भाऊ दादा म्हणायचे. गाव कुळाच्या नावाने बोलवायचं, म्वेलासे म्हणायचं. सुट्टीला आले, बसमधून उतरले, आणि कोणी म्वेलासे म्हणून हाक दिली, की माणूस सरळ होऊन चालायचा. आपण नाव घेत नाही ना बाई, ते काही नुसतं वळण म्हणून नव्हे. तेवढा एकच मान तर द्यायला होता आपल्याकडे. आता त्यांना घरी आणायचंय. आणि घरी काय आहे? तेच नाव नि तेच फाटक."

नोमागुगूच्या हातातली सुरी तशीच राहिली. तिला एकदम रडू आलं, आणि नवऱ्याचा रागही आला, आणि त्याची कीवही आली. हे सगळं यांना सांगा ना, ती म्हणाली.

"नाही. बाप काय करायचा ते त्याला ठाऊक नाही. त्याला सांगितलेलं, बंगल्याचा कारभार बघतात. तीच त्यांची इच्छा होती. मेलेल्या माणसाला पोरासमोर उघडं पाडू? तूही बोलायचं नाहीस. गळ्याची शपथ आहे माझ्या."

म्हणजे आता नाव घेणं शक्यच नव्हतं, आणि का घेत नाही ते सांगणंही शक्य नव्हतं. उरलेले दिवस नोमागुगूने बीअर ढवळण्यात आणि मनातल्या मनात कुढण्यात काढले. रात्री लिंडानी कौतुकाने म्हणायचा, परवा बघ सगळे कसे तोंडात बोटं घालतात. ती कूस बदलायची.

विधीच्या दिवशी सकाळीच म्हाताऱ्याचे धाकटे भाऊ, एफ्राइमकाका, पिकअप घेऊन एम्पांगेनीला गेले होते. माणूस जिथे गेला तिथून त्याचा जीव बोरीच्या काटेरी फांदीवर बसवून आणायचा असतो, आणि अंत्यविधीच्या गडबडीत ते राहूनच गेलं होतं. फांदी धरणाऱ्याने वाटेत कोणा माणसाशी बोलायचं नाही. बोलायचं ते फांदीशी, आता नदी ओलांडतोय, आता चढण लागली, असं सांगत. खरं तर हा मान लिंडानीचा. पण तो उजाडल्यापासून तारा आणि खिडकीतला डबा यांतच गुंतलेला पाहून काका म्हणाले होते, "तू डब्याशी बोल बाबा. मी फांदीशी बोलतो."

उन्हं वर आली. अंगणात भावकी बसली होती, पुरुष खुर्च्यांवर, बायका चटयांवर. पिकअप फाटकाशी येऊन थांबली. लिंडानीचा एक चुलतभाऊ गाडी चालवत होता, आणि मागे उघड्यावर एफ्राइमकाका फांदी छातीशी धरून बसले होते. सगळे आपसूक उठून उभे राहिले. दोघेतिघे फाटकाकडे निघाले.

"थांबा, कोणी जाऊ नका," लिंडानी म्हणाला. तो हसत नोमागुगूकडे वळला. "चल, बोल."

ती डोक्याला रुमाल, खांद्यावर शाल, नजर खाली अशी उभी होती.

"गुगू, एकच वाक्य."

चटईवरच्या आत्यांची कुजबुज सुरू झाली. फाटकाबाहेर गाडी घुरघुरत होती. लिंडानी तिच्या अगदी जवळ आला. हसू गेलं होतं त्याचं. "सगळ्यांसमोर माझी शोभा करू नकोस," तो हळूच म्हणाला. "पाया पडतो तुझ्या."

तिने मान वर केली. वडीलधाऱ्यांसमोर नव्या सुनेने मोठ्याने बोलायचं नसतं, पण ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली.

"मामंजी दाराशी येऊन थांबलेत. घरी आलेल्या माणसालाच फाटक उघडायला सांगू का मी?"

आणि स्वयंपाकघरातून मोटरची किल्ली घेऊन ती फाटकाकडे चालू लागली. लिंडानीचे कान लाल झाले. तो खिडकीकडे फिरला आणि स्वतःच डब्याला हाक मारायला त्याने तोंड उघडलं.

"लिंडानी," मासिबिया म्हणाल्या. त्या चटईवरून उठल्याही नव्हत्या. "डर्बनला तुझ्या बापाने हेच काम केलं. लोक नाव घेऊन सांगायचे, फाटक उघड, आणि ते पळत जाऊन उघडायचे. तुझी शाळा त्यावर झाली. आता पुरे."

फाटकाशी नोमागुगूने कुलूप काढलं आणि ढकलायला लागली. रात्रीच्या सरीने रुळात चिखल बसला होता. फाटक जेमतेम हातभर सरकलं आणि अडलं. तिने पाय रोवून पुन्हा जोर लावला. तेवढ्यात शेजारी दुसरा खांदा टेकला. लिंडानी होता. तो रडत होता, आणि भावकी बघतेय याची त्याला काही पर्वा उरली नव्हती. दोघांनी मिळून फाटक भिंतीपर्यंत नेलं.

पिकअप सावकाश आत शिरली. एफ्राइमकाकांनी दोघांकडे पाहिलं, पण त्यांच्याशी बोलायची त्यांना मुभा नव्हती. त्यांनी फांदी जरा उंच धरली आणि तिच्याशी बोलले.

"दादा, घर आलं. तुझ्या पोराने आणि सुनेने फाटक उघडलंय. तू बसून राहा, तुला उतरायला नको."