अर्ध्या रस्त्यातली गाडी

हातात धरून खेळायच्या चौसष्ट जीबीच्या लिनक्सवाल्या गेमिंग डब्यात नवा गेम काही मावेना, म्हणून ऑफिसातून आल्याआल्या अश्लेषा मनीषनगरच्या घरी साफसफाईला बसली. दोन गेम काढले, तरी हवी तेवढी जागा सुटली नाही. तिने फोल्डरांत डोकावलं, तर गेम गेले होते आणि त्यांचा पसारा नुसत्या आकड्यांची नावं लावून आत ठाण मांडून बसला होता. तिने तोही झाडून काढला. तरी दहा जीबी कमीच.

मग तिची नजर ट्रक चालवायच्या जुन्या गेमवर गेली. दोन वर्षांपूर्वी तिने तो कंटाळून सोडला होता. हा उडवला की काम झालं. पण त्याच्याखाली लिहिलं होतं : शेवटचा खेळला, आज. एकूण तास, तीनशे बारा.

ती स्वतः जेमतेम चार तास खेळली असेल. मग आज ट्रक काढला कोणी? घरात दुसरं होतं कोण, तर बाबा. काटोलची संत्री ट्रकने कलकत्त्याला पोचवण्यात बाबारावांची तीस वर्षं गेली होती. कंबरेने दगा दिल्यावर स्टिअरिंग सुटलं, आणि तेव्हापासून हा डबा दिसला की ते नाक मुरडायचे.

"बाबा, हा ट्रकचा गेम डिलीट करून राहिली मी," ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली.

हातातला चहा तिथंच ठेवून, कंबर विसरून बाबाराव स्वयंपाकघरातून धावत आले.

"थांब वं! गाडी अर्ध्या रस्त्यात हाय. माल तर खाली करू दे!"